गोगलगायींचा हिवाळा

१४ ऑक्टोबर
सकाळी आठ, बाहेर +३. वारा तळ्यावरून, बोचरा.

छत्तीस वर्षं हवामान केंद्रावर नोंदी केल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी थर्मामीटर बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. एक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आहे, एक काचबंद बाल्कनीत. केंद्रावरचा पहिला नियम अजून पाठ आहे: चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खाली खरी नोंद लिहायची, शेजारी सही. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे.

अल्माटीहून तालगातचा फोन आला.

"वहिनी, जानेवारीपासून उल्पानला इथल्या तयारीच्या वर्गात घालायचं म्हणतोय. पुढच्या वर्षी पहिली. बाल्खाशला राहून काय शिकणार ती? मासे सुकवायला?"

माझा पोटचा मुलगा मला वहिनी म्हणतो. पहिलं मूल चाळिसाव्या दिवशी आजीआजोबांच्या कुशीत घालायचं, ही आम्हा कझाकांची रीत. तालगातला मी सासूबाईंच्या कुशीत घातलं. तो त्यांना अपा, म्हणजे आई, म्हणायचा, त्याच्या बापाला दादा, आणि मी दादाची बायको. सासूबाई वारल्या तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. जीभ वळायची तशी वळून गेली होती. त्याच्यानंतर मला मूल झालं नाही.

मग त्याची उल्पान झाली आणि चाळिसाव्या दिवशी माझ्या कुशीत आली. माझ्या नवऱ्यानं, बैकेननं, लगेच तिला आमच्या नावावर केलं. कागदावर मी तिची आई आहे. तालगात तिचा दादा, झुपार तिची वहिनी. अपा ही हाक मला अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा मिळाली.

मी म्हटलं, "बघू." सही माझी लागणार आहे.

१९ ऑक्टोबर
+१, धुकं.

उल्पान महिनाभर मांजर मागतेय. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, केसाळ प्राणी घरात आणला तर दम्याचा पंप रोज हातात. हे समोरच्या दारातल्या रिम्मा पेत्रोवनाला सांगितलं. ती निवृत्त नर्स, कानानं अधू, त्यामुळे सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलते.

"मांजर नको, कुत्रा नको, पोपट नको! मग काय, डास पाळणार आहेस? माझ्या घरी ये."

तिच्याकडे काचेच्या पेट्यांत आफ्रिकेच्या गोगलगायी आहेत. एकेक माझ्या मुठीएवढी. ती वाढवते आणि जाहिरात देऊन विकते. मला आधी किळस आली.

"केस नाहीत, आवाज नाही, वास नाही," रिम्मा म्हणाली. "दिलेलं खातात आणि घराबाहेर जात नाहीत. मला असा नवरा मिळाला असता तर!"

उल्पाननं एक तळहातावर घेतली. गोगलगाईनं हळूहळू डोळ्यांच्या काड्या बाहेर काढल्या, मग अर्धं अंग काढलं आणि तिच्या मनगटावर चढू लागली. पोर श्वास रोखून बघत होती. एवढं स्वस्थ मी तिला बैकेन गेल्यापासून पाहिलं नव्हतं. गोगलगाय एकटी राहिली तर झुरते असं रिम्मा म्हणाली, म्हणून दोन घेतल्या. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणि नारळाच्या काथ्याची माती रिम्मानंच दिली.

२ नोव्हेंबर
उणे ४. तळ्याच्या कडेला बर्फाची साय.

एक पिवळट, ती सारी. दुसरी काळपट, ती कारा. नावं उल्पाननं ठेवली. रोज सकाळी कोमट पाणी फवारायचं, काकडी चिरून द्यायची, अंड्याची टरफलं कुटून ठेवायची. डबा स्वयंपाकघरात पाइपाजवळ, +२५. त्याच्या नोंदीही मी ठेवू लागलेय.

"अपा, ह्या रेल्वेनं जाऊ शकतात?"

मी सांगितलं, नाही. गारठ्यानं मरतील. फलाटावर पाच मिनिटांत.

"आणि मी गेले, आणि ह्या इथेच राहिल्या तर?"

"त्यांना तुझ्या हाताची सवय झालीय. दुसऱ्याच्या हातून खाणार नाहीत."

एवढंच बोलले. मुलांना जबाबदारी लहानपणीच कळलेली बरी.

१६ नोव्हेंबर
उणे ११.

आज फोनवर उल्पान स्वतःच म्हणाली, "दादा, मी येणार नाही. मला अपाजवळच राहायचंय." मी तिला पढवलं नव्हतं. लेकराच्या मायेपुढे कुणाचं काय चालणार?

तालगातनं फोन झुपारकडे दिला. मग झुपार म्हणाली, "बरं. गोगलगायींचा फोटो पाठव हं, उल्पान." आवाज अगदी मऊ. माझी सून म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय. सात वर्षांत एकदा वर तोंड करून बोलली नाही, पण मनात काय शिजतं ते मला ठाऊक आहे. उल्पाननंतर दोनदा तिचा गर्भ पडला. डॉक्टर आता आशा नाही म्हणतात. वाईट वाटतं. पण म्हणून दिलेलं परत मागायचं?

मी मागितलं होतं का? चाळिसाव्या दिवशी तालगातला दिलं तेव्हा कोबीची पानं छातीला बांधून तीन दिवस ड्युटी केली. दूध झिरपून नोंदवहीची पानं ओली झाली होती. झुपारलाही मीच कोबीची पानं आणून दिली. तिला काय कमी केलं?

५ डिसेंबर
उणे १७.

माती बदलताना तळाशी अंडी सापडली. पिवळसर, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. मोजली, दोनशे अकरा. मी रिम्माचं दार वाजवलं.

"फ्रीजरमध्ये टाक!" ती ओरडली. "दोन दिवस ठेव, मग कचऱ्यात. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत छतावरून चालतील. माझ्याकडे आणू नकोस, माझ्याच पोत्यानं पडल्यात."

पिशवीत घालून घोड्याच्या मांसाच्या कझीशेजारी ठेवली. उल्पान दारात उभी होती.

"अपा, त्यांच्या आईला विचारलंस?"

"गोगलगाईला कळतं का काही? अंडी घालते आणि विसरते."

"कशावरून विसरते?"

ह्या पोरीचे प्रश्न! मी तिला साखर घालून चहा दिला.

२४ डिसेंबर
उणे २०.

तालगात आणि झुपार एकतीसला येताहेत. चार तारखेला रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलीत, तीन. आणि चारलाच सकाळी वकिलाकडे सहीची वेळ घेतलीय. मला विचारलं नाही, कळवलं.

घर झाडायचं, पीठ मळायचं, हजार कामं. गडबडीत गोगलगायींना पाणी फवारायचं राहिलं. डबाही पाइपापासून हलवून खिडकीत ठेवलाय, ओट्यावर जागा लागते म्हणून. तिथे +१४.

२९ डिसेंबर
उणे २२.

दोघींनी अंग आत ओढून घेतलंय आणि तोंडावर पांढरं, कागदासारखं झाकण आलंय. रिम्मा म्हणते, गारठा आणि कोरडेपणा लागला की असं होतं. मरत नाहीत, महिनोन् महिने झोपतात.

उल्पानला सांगितलं, "झोपल्यात. आता त्यांना हलवायचं नाही. वसंतापर्यंत तुला इथेच राहून राखण करायला हवी."

ती डब्यात डोकावली. मग म्हणाली, "अतासारख्या झोपल्यात?"

बैकेन गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. अता झोपलेत, असं मीच तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "नाही गं, तसं नाही." तिचा विश्वास बसला नसावा. दिवसभर डब्याशी बसून होती. रात्री छातीत शिट्टी वाजत होती, पंप दिला.

३१ डिसेंबर
उणे २४. आकाश निरभ्र, म्हणजे थंडी वाढणार.

आली. तालगात जाड झालाय. झुपार वाळलीय. कोट काढायच्या आधी तिनं एक पेटी टेबलावर ठेवली. आतून लोकर लावलेली, झाकणाला भोकं, कोपऱ्यात गरम पुड्या ठेवायला खिसे.

"मी वाचलं सगळं, एने," ती मला म्हणाली. सासूला एने म्हणायचं. "झाकण लावून झोपलेली गोगलगाय प्रवासाला सगळ्यात सोपी. तिला कळतही नाही. बरं झालं ह्या झोपल्या ते."

उल्पान उडालीच. "म्हणजे ह्या येऊ शकतात? मरणार नाहीत?"

"मी मरू देईन का?"

उल्पाननं माझ्याकडे पाहिलं. बेशबारमाकच्या पिठात मी मीठ दोनदा घातलं. वय झालं.

२ जानेवारी
उणे २७.

तालगात जेवताना म्हणाला, "वहिनी, तूही चल ना आमच्याबरोबर. एक खोली आहे."

"आणि हे घर? बैकेनची कबर?"

"मग उन्हाळ्यात ये."

"पाहुणी म्हणून?"

"तू का अशी बोलतेस? तुला तरी बरं वाटलं होतं का, मला दिलंस तेव्हा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, रीत होती. तो म्हणाला, "मी रीत नाही विचारली." मी भांडी घासायला उठले. झुपार माझ्या हातातून भांडी घेऊ लागली तर तिला म्हटलं, "सगळंच नेणार का माझ्या हातातून?"

उल्पान टेबलाखाली पेटीत लोकर सारखी करत होती.

३ जानेवारी
उणे २८.

स्वयंपाकघरात हवा कोंदली होती, म्हणून सकाळी डबा तासाभरासाठी बाल्कनीत ठेवला. तालगात आणि मी बाजारात मांस आणायला गेलो. झुपार औषधांच्या दुकानात गेली, पेटीसाठी गरम पुड्या आणायला. उल्पानजवळ रिम्माला बसवलं होतं. रिम्मानं टीव्ही लावला.

उल्पान बाल्कनीत गेली. त्या दाराची मूठ कधीपासून सैल आहे, दार आपटलं की आतून खाली पडते आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. बैकेन दुरुस्त करतो करतो म्हणत गेला.

पोर काच वाजवत राहिली. रिम्माला ऐकू येत नाही.

झुपार आधी परतली. तिनं दार उघडलं. पस्तीस मिनिटं, कदाचित चाळीस. पायात नुसते मोजे. ओठ निळे. सारीला तिनं बनियनच्या आत, पोटाशी धरलं होतं. काराचा शंख डब्याच्या कडेला गोठून चिकटला होता, तो तिच्यानं निघाला नाही.

४ जानेवारी
उणे २९.

दवाखाना. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, त्यात दमा. अतिदक्षता विभागात एकालाच जाता येतं, आईला किंवा बापाला. नर्सनं कागद बघितला. "आई कोण?"

मी म्हटलं, "मी."

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे, आणि झगा दिला. झुपार भिंतीशी उभी होती. तिनं झगा मागितला नाही. मागितला असता तर विचार केला असता.

आत उल्पान, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. डोळे उघडे होते. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती. ग्लानीत असेल.

५ जानेवारी
ताप ३९.६. बाहेरचं तापमान बघितलं नाही.

आजही मीच गेले. डॉक्टरांनी विचारलं, मूल बाल्कनीत कसं गेलं? मी म्हटलं, "गोगलगायींसाठी." "त्या बाल्कनीत कशा?" मी काही बोलायच्या आत उल्पाननं मुखवटा बाजूला केला आणि काहीतरी पुटपुटली. डॉक्टर तिच्याजवळ वाकले, मान हलवली, लिहून घेतलं. मला ऐकू आलं नाही.

झुपार कालपासून दाराबाहेरच्या बाकावर आहे. घरी गेली नाही, जेवली नाही. तालगात तिच्यासाठी तळलेले बाउर्सक घेऊन आला, ते पिशवीतच थिजले.

६ जानेवारी
ताप ३९.१.

गुडघे फार दुखत होते, उभं राहवेना. म्हणून नर्सला सांगितलं, आज हिला जाऊ द्या. नर्स म्हणाली, ही कोण? मी म्हटलं, "हिनं जन्म दिलाय तिला." नर्स जुनी आहे, आमच्यातलीच. तिनं आणखी विचारलं नाही.

मी काचेतून बघत होते. झुपार कॉटपाशी जाऊन नुसती उभी राहिली, हात मागे बांधून, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंजवळ उभं राहावं तशी. तेव्हा उल्पान सरकली. सुई लावलेल्या हातासकट, हळूहळू, भिंतीकडे सरकली आणि कॉटवर जागा केली.

माझ्यासाठी सरकली नव्हती. मी जाड आहे, मला ती जागा पुरली नसती.

११ जानेवारी
उणे १८.

ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, वाचली, पण ह्या फुप्फुसांना ह्यापुढे असा एकही हिवाळा नको. अल्माटीत मोठा दवाखाना आहे.

मी सही केली. वकिलानं पेन पुढे केलं तेव्हा झुपारनं मान खाली घातली. माझ्या सहीकडे तिनं पाहिलं नाही.

१७ जानेवारी
उणे १५, बारीक बर्फ.

गेली. फलाटावर उल्पान इतकी गुंडाळलेली की नुसते डोळे दिसत होते. लोकरीची पेटी त्यांनी घरीच ठेवली. सारी अजून झाकण लावून आहे, जिवंत की मेलेली कुणालाच सांगता येईना, आणि पोरीनं तिला नेऊया असं म्हटलंच नाही.

गाडी लागली तेव्हा तिनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "अपा, मी डॉक्टरांना सांगितलंय, डबा मीच बाल्कनीत नेला. तूपण तेच सांग हां."

"तुला कुणी सांगितलं असं बोलायला?"

"कुणी नाही. मी जागी होते. तू नेलास तेव्हा मी बघत होते."

तालगात हाका मारत होता. "वहिनी, चल, निघतो गं!"

मी हात हलवला.

३० जानेवारी
उणे २१.

रोज कोमट पाणी फवारतेय. आज दुपारी सारीचं झाकण ओलं होऊन सुटलं. तासाभरानं डोळ्याची एक काडी बाहेर आली. दुसरी आलीच नाही. गारठ्यानं झडली असेल. काकडीची फोड पुढे ठेवली, ती हळूहळू कुरतडू लागली. माझ्या हातूनही खाते.

फोन केला. उल्पाननंच उचलला.

"आजी, सारी जागी झाली?"

आजी. चूक काय त्यात? नातं तेच आहे. मी म्हटलं, झाली. "आणि कारा?" मी म्हटलं, कारा नाही. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मग मागे वळून तिनं कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं, आणि ती हाक ऐकू यायच्या आत मी फोन ठेवला.

२ फेब्रुवारी
सकाळी आठ, बाहेर उणे १९. बाल्कनीत उणे १२.

मागच्या नोंदी वाचल्या. दुरुस्त्या:

२ नोव्हेंबर. जबाबदारी शिकवत नव्हते. घाबरवत होते.

१६ नोव्हेंबर. पोटात पाय माझे होते.

२४ डिसेंबर. पाणी फवारायचं राहिलं नव्हतं. थांबवलं होतं.

३ जानेवारी. हवा कोंदली नव्हती. तासाभरासाठी नव्हतं. बाल्कनीत उणे चौदा, हे वाचून मग डबा उचलला.

६ जानेवारी. गुडघे दुखत नव्हते.

१४ ऑक्टोबर. अपा ही हाक मला मिळाली नव्हती. मी घेतली होती.

सही, बातिमा.

बाल्कनीच्या दाराची मूठ आज बदलून घेतली. माणसाला दहा मिनिटं लागली.